जरासं सरकवायचंय

बुधवारी संध्याकाळी साडेपाचनंतर वाजलेला फोन उचलू नये, हे कळायला मला भोसरीत पत्र्याचे पार्ट ठोकत सव्वीस वर्षं काढावी लागली. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीजवाल्यांची देखभाल-दुरुस्ती असते, आणि वीज नसताना प्रेसपुढे बसून आरती म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून ही सोय. आमच्या कस्टमरच्या डिझाइन खात्याला मात्र शनिवार-रविवार सुट्टी. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सांगितलेलं काम शुक्रवारी सकाळी झालेलं असणार, अशी त्या खात्याची प्रामाणिक समजूत आहे. मधला गुरुवार त्यांच्या हिशेबी भरपूर वेळ. आमच्या हिशेबी तो दिवसच नाही.

त्या बुधवारी मी फोन उचलला.

"सर, काही विशेष नाही. हॉर्न ब्रॅकेटमधलं होल जरासं सरकवायचंय."

"किती?"

"दोनच एमएम."

या 'दोनच'मधल्या 'च'ने माझं जेवढं नुकसान केलंय, तेवढं मंदीनेही केलेलं नाही. फोनवरचा मुलगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, अत्यंत सालस. दर वाक्याला 'सर' म्हणायचा आणि काम अवघड असलं की 'काका' म्हणायचा. पुढचं वाक्य आलं, "काका, शुक्रवारपर्यंत होईल ना?" तेव्हाच मला घाम फुटायला हवा होता.

हॉर्न ब्रॅकेट म्हणजे काय, तर अडीच मिलिमीटर पत्र्याची पट्टी. एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला भोक, मध्ये एक वाक. एक भोक गाडीच्या चासीवर बसतं, दुसऱ्यात हॉर्न लटकतो. वजन साठ ग्रॅम, किंमत साडेनऊ रुपये, महिन्याला अठरा हजार नग. जगात याहून साधी वस्तू फक्त खुंटी. पण खुंटीला ड्रॉइंग नसतं, हे तिचं भाग्य.

आमच्याकडे एक जुने टूलमेकर आहेत. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, मीही म्हणतो. माझ्या मुलांचेही ते मामाच. मी त्यांना सांगितलं, "मामा, होल दोन एमएम सरकवायचंय." मामांनी चष्मा कपाळावर घेतला.

"होल सरकत नसतंय शेठ. होल म्हणजे तिथं काय नाही ते. जे नाहीच, ते सरकवायचं कसं?"

वेदान्त बाजूला ठेवला तरी मामांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. भोक पाडणाऱ्या डायची प्लेट पाणी दिलेल्या पोलादाची असते. तिच्यात साडेआठ मिलिमीटरच्या भोकाशेजारी दोन मिलिमीटरवर दुसरं भोक मारलं तर दोन भोकं होत नाहीत, एकच होतं, दुधीभोपळ्यासारखं लांबट. म्हणजे नवी प्लेट. पोलाद आणा, मिलिंग करा, हीट ट्रीटमेंटला पाठवा, वायरकटवर कापा, ग्राइंडिंग करा, पंच बसवा. तीन आठवडे. प्लेट बदलली की चेकिंग फिक्स्चरची पिन बदलते आणि गेज बदलतं. मग सगळं नव्याने मंजूर करून घ्यायचं, त्या विधीचं नाव पीपॅप. त्यात अठरा प्रकारची कागदपत्रं असतात, आणि एरवी सलग निदान तीनशे नग काढून दाखवावे लागतात. सत्यनारायणाला एवढं साहित्य लागत नाही.

हे सगळं मी कस्टमरच्या परचेस खात्यातल्या साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "होल वाढलंय का?"

"नाही."

"होलांची संख्या वाढलीय का?"

"नाही."

"मग पैसे कशाचे?"

याच साहेबांनी आदल्या वर्षी साडेआठचं भोक नऊ मिलिमीटरचं झालं तेव्हा मला दर कमी करायला सांगितला होता. मटेरियल कमी लागतं म्हणे. मी हिशेब केला. भोक मोठं झाल्याने पत्रा कमी झाला तो साधारण एक दशांश ग्रॅम, म्हणजे नगामागे एक पैसा. शिवाय तो पत्रा मी आधी विकत घेतो आणि मग कापून भंगारात टाकतो, तेव्हा कमी काहीच लागत नाही. साहेब म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." महिन्याला एकशे ऐंशी रुपयांचं तत्त्व मी मान्य केलं. पुढे ते भोक परत साडेआठचं झालं, तेव्हा तत्त्व परत आलं नाही.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांत माझा समावेश होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे, पण या बाबतीत इलाज नाही. मी उमेदवारी करत होतो तेव्हा ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेलं असायचं. त्यात बदल करायचा तर ड्राफ्ट्समन दाढीच्या ब्लेडने ती रेघ हलक्या हाताने खरवडायचा. कागद फाटला तर अख्खं ड्रॉइंग पुन्हा. मग अमोनियाची प्रिंट, तिचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. भोक दोन मिलिमीटर सरकवायचं तर ड्राफ्ट्समनची निम्मी दुपार जायची, म्हणून तो साहेबाला विचारायचा, "खरंच सरकवायचंय का?" आणि निम्म्या वेळा साहेब म्हणायचा, "राहू दे." आता माउसने भोक पकडायचं आणि ओढायचं. सांगणाऱ्याचा खर्च शून्यावर आला, करणाऱ्याचा तिथेच राहिला. पोलाद अजून माउसने ओढलं जात नाही.

पण त्या मुलावर अन्याय नको. बदल खरोखर गरजेचा होता. हँडल पूर्ण वळवलं की हॉर्न केबलला घासत होता. घासून घासून केबल तुटली असती तर कुणाचं तरी दात-हाड मोडलं असतं. चांगला इंजिनिअर असा बदल सुचवतोच. वाईट फक्त एवढंच, की चांगला इंजिनिअर तो फोनवर सुचवतो.

फोन हे बदल सांगायचं अतिशय धोक्याचं यंत्र आहे. ड्रॉइंगची प्रत्येक सुधारित आवृत्ती इंग्रजी अक्षराने ओळखतात: रेव्ह ए, रेव्ह बी, रेव्ह सी. या पद्धतीत आय, ओ, क्यू ही अक्षरं वगळतात, कारण कागदावर ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. डोळ्यांची एवढी काळजी घेणाऱ्यांनी कानांचा विचारच केला नाही. बी, सी, डी, ई, जी, पी हे फोनवर एकच अक्षर आहे. मागे प्रेस चालू आहे, पलीकडून कुणीतरी म्हणतंय, "रेव्ह डीने बनवा," आणि आमचा सुपरवायझर ओरडतोय, "बटाट्याचा बी का डब्याचा डी?"

आमच्या बुधवारच्या फोनात अक्षर नव्हतंच. फक्त दिशा होती. मी शहाणपणा करून विचारलं होतं, "कुठल्या बाजूला सरकवायचं?" तो म्हणाला, "डावीकडे."

मामांनी हे ऐकलं आणि विचारलं, "डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

मी हसलो. आता हसू येत नाही. रखुमाई विठ्ठलाच्या डाव्या अंगाला असते असं आपण म्हणतो. तसबिरीपुढे हात जोडून उभं राहा, ती आपल्या उजवीकडे दिसते. पार्टचंही तसंच. त्यात ड्रॉइंगच्या दोन पद्धती. आपल्याकडे वस्तूची डावी बाजू बघून काढलेलं चित्र उजवीकडे मांडतात, अमेरिकेत डावीकडे. कोपऱ्यात निमुळत्या पेल्यासारखं एक चिन्ह असतं, त्यावरून पद्धत ओळखायची. या ब्रॅकेटचं मूळ ड्रॉइंग परदेशी भागीदाराकडून आलेलं, अमेरिकी पद्धतीचं. आमचं त्यावरून बनवलेलं, आपल्या पद्धतीचं. तो मुलगा एकाकडे बघून 'डावीकडे' म्हणाला, मी दुसऱ्याकडे बघून 'बरं' म्हणालो.

कस्टमरची असेंब्ली लाइन थांबली तर मिनिटाच्या हिशेबाने दंड, म्हणून मामांनी गुरुवारी जनरेटर लावला. डायची वाट न बघता जिग बनवली आणि चार रात्री ड्रिल मशिनवर एकेक भोक मारत ४,२०० ब्रॅकेट काढली. एकही नग वाकडा नाही. झिंक प्लेटिंग होऊन आली तेव्हा चांदीच्या वाट्यांसारखी चमकत होती. सोमवारी पहिला क्रेट लाइनवर गेला आणि संध्याकाळी परत आला. भोक सरकलं होतं बरोबर दोन मिलिमीटर, आणि बरोबर उलट्या बाजूला.

आता खरी गोष्ट सुरू होते. क्वालिटीच्या बाई म्हणाल्या, "माल ड्रॉइंगप्रमाणे नाही."

मी म्हटलं, "कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे?"

त्यांनी फाइल उघडली. फाइलमध्ये होतं रेव्ह सी, म्हणजे जुनंच. कंपनीच्या कागदोपत्री भोक सरकलेलंच नव्हतं. म्हणजे मी एक मंजूर पार्ट घेऊन, कुणीही न सांगता, स्वतःच्या लहरीखातर, रात्री जागून, त्याचं भोक भलतीकडे मारून आणलं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे एक नाव होतं; पण तो सालस मुलगा तोवर राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर होता आणि हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीचं स्वप्न बघत होता. बदलाचा अधिकृत कागद, ज्याला ईसीएन म्हणतात, एकोणीस दिवसांनी आला. रेव्ह डी. तो लागू होण्याची तारीख होती मागच्या महिन्यातली. बाळ जन्मल्यावर लग्नाची पत्रिका छापावी, तसं.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा परचेस ऑर्डरची मागची बाजू वाचली. ती कुणी वाचू नये म्हणून मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेली असते. एक कलम होतं: लेखी दुरुस्तीशिवाय दरात वा मालात कोणताही बदल ग्राह्य धरला जाणार नाही. त्याच्या खाली दुसरं: पुरवठादाराने खरेदीदाराने कळवलेले बदल विनाविलंब अमलात आणावेत. एकाच पानावर, शेजारी शेजारी, न बोलणाऱ्या जावांसारखी. पहिलं कलम पैसे मागताना दाखवायचं, दुसरं काम सांगताना. पडून राहिलेल्या मालाचं काय, याबद्दल चकार शब्द नव्हता. नीट केलेल्या करारात तो असतो: बदल आला तर अमुक आठवड्यांचा तयार माल आणि तमुक आठवड्यांचा कच्चा माल खरेदीदार उचलेल, टूलचा खर्च कोण देईल, कुठल्या तारखेपासून किंवा कितव्या गाडीपासून नवा पार्ट लागेल. माझ्या कागदावर ही जागा कोरी होती, आणि कोऱ्या जागेचा खर्च नेहमी लहान माणसाकडे जातो.

आमच्या पूर्वजांना हे कळत होतं. शिवकालीन पत्र बघा. मजकूर संपला की शेवटी शिक्का: 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली, याच्या खाली कुणी काही घुसडायचं नाही. 'लेखनसीमा' लिहायचे, मोर्तब करायचे. आपण आजही शिक्कामोर्तब म्हणतो, पण करत नाही. आमच्या ड्रॉइंगवर मर्यादा विराजत नाही. तिथे साहेबाने चहा पिता पिता पेनने मारलेला बाण विराजतो, त्याच्याशेजारी कपाचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळाला आमच्या नव्या पोराने एकदा भोक समजून माप विचारलं होतं.

पण बदल सांभाळणारा सर्वांत पक्का माणूस मला इतिहासात नाही, चिंचवडच्या एका गल्लीत भेटला. बायकोचा ब्लाउज टाकायला गेलो होतो. टेलरमास्तरांनी वहीत माप लिहिलं, कापडाचा तुकडा कापून त्या पानाला टाचला, तारीख घातली. बायको म्हणाली, "गळा जरा मोठा करता येईल ना, नंतर वाटलं तर?" मास्तर वर न बघता म्हणाले, "कात्री लागायच्या आधी सांगा, फुकट. कात्री लागल्यावर अल्टरचे वेगळे. आणि गळा लहान करून मागू नका, कापलेलं जोडत नाही मी."

मी तिथल्या तिथे त्यांच्या पायाच पडायचा राहिलो होतो. लेखी नोंद, नमुना, डिझाइन गोठवण्याची तारीख, बदलाचा दर, आणि कुठला बदल अशक्य हेसुद्धा. परचेस ऑर्डरच्या बावीस कलमांत आमच्या कस्टमरला जे सांगता आलं नाही ते सारं तीन वाक्यांत. वर मास्तर म्हणाले, "आत दोन बोटं माया ठेवतो. पुढे उसवता येईल."

शिलाईत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणणाऱ्या भाषेत आपण करार मात्र इंग्रजीत करतो, हे आपलं दुर्दैव. माझ्या साडेनऊ रुपयांत माया नव्हती. परचेसच्या साहेबांनी ती पहिल्याच बैठकीत उसवून काढली होती.

माझा भाचा वकील आहे. त्याला घरच्या पडद्याचे दांडे बसवायला मी त्या ४,२००पैकी सहा ब्रॅकेट दिली होती, त्या उपकाराखाली तो सल्ला देतो. त्याने १८७२चा करार कायदा काढला. कलम ६२: दोन्ही पक्षांनी मिळून करार बदलला, तर जुना करार पाळायची गरज उरत नाही. "दोन्ही पक्षांनी, मामा, हे महत्त्वाचं. एकट्याने म्हटलं की तो बदल होत नाही." मग कलम ७०: फुकट करायचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. माझा ऊर भरून आला. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजाने भोसरीच्या पत्रेवाल्याचा विचार केला होता!

"मग नोटीस पाठवू?"

"पाठव की. पण लाभ घेतला म्हणायला त्यांनी माल ठेवून तरी घ्यायला हवा होता, तो तर परत केला. आणि पुढची ऑर्डर कोण देणार, तो इंग्रज?"

कायद्याच्या पुस्तकाला एकच दोष आहे, त्यात पुढच्या महिन्याचं शेड्यूल नसतं. मी नोटीस पाठवली नाही. एक वही केली.

लाल पुठ्ठ्याची, कार्बन घालून लिहायची. कारखान्यात तिला सांगोवांगी वही म्हणतात. बदलाचा फोन आला की तारीख, वेळ, कोण बोललं, कुठलं ड्रॉइंग, कुठलं रेव्ह, काय बदल, हे लिहायचं. 'डावीकडे', 'वर', 'जरासं' या शब्दांना वहीत बंदी. त्याऐवजी कुठल्या कडेपासून किती मिलिमीटर, ते. मग तेच मेलवर परत पाठवायचं: आपल्या फोननुसार असा असा बदल समजलो. टूलचा खर्च इतका, हातातला माल इतका, वेळ इतका. आपला लेखी होकार येईपर्यंत जुन्या ड्रॉइंगवरच काम चालू राहील. आपला नम्र.

'आपला नम्र' हे पाच वेळा वाचून मी ठेवलं. बाकीचा मजकूर तितकासा नम्र नाही.

परिणाम असा झाला, जो मी कधी कल्पिला नव्हता. निम्मे बदल विरून गेले. मेल गेला की पलीकडून फोन, "अहो, ते मी सहज विचारत होतो, राहू द्या." ब्लेडने खरवडणारा ड्राफ्ट्समन परत आला होता, माझ्या वहीच्या रूपाने. उरलेल्या निम्म्यांतल्या काहींवर उत्तरच यायचं नाही, आणि जुना पार्ट बिनतक्रार लाइनवर बसत राहायचा. खऱ्याखुऱ्या बदलांवर मात्र चार दिवसांत सहीशिक्क्याचा कागद यायला लागला. परचेसचे साहेब सुरुवातीला नाराज होते. "एवढा अविश्वास?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, माझा कानांवर विश्वास राहिला नाही, तुमच्यावर आहे." ते खूश झाले. त्यांनी हे वाक्य नीट ऐकलं नसावं, मागे प्रेस चालू होता.

इथवर मी स्वतःला बराच सज्जन दाखवला. तर एक कबुली. बदल वरून खालीच येतात असं नाही; खालून वरही जातात, आणि ते जास्त चोरपावलांनी. आमच्या प्लेटिंगवाल्याने एकदा पिवळी झिंक प्लेटिंग बंद करून पांढरी सुरू केली. पिवळ्यात विषारी क्रोमियम असतं, ते सगळीकडेच बंद होत होतं, तेव्हा त्याचं बरोबरच होतं. त्याने मला सांगितलं, चहाच्या टपरीवर. मी 'बरं' म्हणालो आणि विसरलो. पांढरी ब्रॅकेटं बघून लाइनवरच्या ऑपरेटरने हात वर केला. पार्ट वेगळा दिसतो, म्हणाला. लाइन अकरा मिनिटं बंद होती. त्या ऑपरेटरचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्याचा सत्कार करायला हवा होता, कारण प्रत्येक बदल असा रंगाने ओरडून सांगत नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेवरले कोबाल्ट आणि आणखी काही गाड्यांत एक इग्निशन स्विच होता. तो ढिला होता. जुडगा जड असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं, आणि अशा बंद गाडीत एअरबॅग उघडत नसे. २००६मध्ये एका इंजिनिअरने आतली स्प्रिंग आणि खिट्टी बदलून स्विच घट्ट करायला सही दिली. पार्ट नंबर मात्र तोच ठेवला. एक पार्ट काढून दुसरा डोळे मिटून बसवता येत असेल तरच नंबर तोच. बसणं, आकार किंवा काम यांपैकी काही बदललं की नवा नंबर, हे या धंद्याच्या पहिल्या पाढ्यातलं बे एके बे. इथे कागदोपत्री जुना स्विच आणि नवा स्विच एकच राहिले. जुन्या गाड्यांत माणसं मरत होती, नव्यांत काही होत नव्हतं, आणि फाइल म्हणत होती की दोन्हीत फरक नाही. अखेर एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने सुटा स्विच विकत आणला आणि उघडून जुन्याच्या शेजारी ठेवला, तेव्हा फरक दिसला. २०१४मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू १२४. तिथे बदल चांगला होता. फक्त कागदावर उमटला नव्हता.

हे वाचल्यापासून मामा प्लेटिंगवाल्याशी टपरीवर फक्त पावसापाण्याचं बोलतात.

ब्रॅकेटचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. रेव्ह डीची प्लेट झाली, पीपॅप झालं, अठरा कागद मंजूर झाले. सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचा हॉर्न आला आणि त्याचा बोल्ट दीड मिलिमीटर इकडे होता. दोन्ही हॉर्न चालायला हवेत म्हणून रेव्ह ई आलं, या वेळी रीतसर, सहीसकट, टूलच्या खर्चासकट. त्यावर गोल भोक नव्हतं. लांबट स्लॉट होता, आणि शेजारी लिहिलं होतं: डिझाइन इम्प्रूव्हमेंट. मामांनी कागद उजेडात धरला.

"दुधीभोपळा," ते म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी म्हणलो होतो."

त्याच दुपारी परचेसच्या साहेबांचा फोन आला. भोक मोठं झालंय, मटेरियल कमी लागतं, दराचं बघा. मी वहीत लिहून घेतलं.

माझ्या गोदामातल्या नगांचं भोक मात्र त्या स्लॉटच्याही पलीकडे आहे. नियम बदलल्याने पडून राहिलेला मालही कधी कधी खपतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला सांगितलं की १ एप्रिलपासून जुन्या प्रदूषण-निकषाच्या, म्हणजे बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत, तेव्हा देशात अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या विनाविक्री उभ्या होत्या. कंपन्यांनी भरघोस सूट दिली आणि दोन दिवस शोरूमपुढे रांगा लागल्या. गाडीला रांग लागते. भलतीकडे भोक असलेल्या ब्रॅकेटला कोण रांग लावणार? भंगारवाला किलोच्या भावाने मागतो, पण मामा देऊ देत नाहीत. चार रात्रींचं काम आहे, म्हणतात.

तेव्हा वाचकांना विनंती. सहा भाच्याकडे गेली, दहा गणपतीच्या मखराला लागली, चार मामांच्या घरी देव्हाऱ्याच्या फळीखाली आहेत. बाकी ४,१८० शिल्लक आहेत. अडीच मिलिमीटर पत्रा, पांढरं झिंक, गंज लागणार नाही. आठ मिलिमीटरचा बोल्ट आरामात बसतो. पडदे, कुंड्या, सायकल, फळी, कशालाही चालतील, फक्त हॉर्न लावू नका. पैसे नकोत, पिशवी आपली आणा. आणि गुरुवारी येऊ नका, कारखाना बंद असतो.